कोबीला कूपन का नसतं?

ऑनसाईटहून परत आलेल्या मंडळींकडे सांगण्यासारख्या तीन गोष्टी हमखास असतात. नायगारा, पहिला बर्फ आणि कूपनं. त्यातलं नायगारा आणि बर्फ दोन मिनिटांत संपतं, पण कूपनांचा विषय निघाला की आमच्या टीममधली सीनियर मंडळी अक्षरशः खुलतात. रविवारचा जाडजूड पेपर, त्यातली रंगीत पुरवणी, कात्री, कापलेली कूपनं ठेवायला स्पेशल फोल्डर, आणि मग 'अरे, चार डॉलरचा डबा मी पंच्याऐंशी सेंटला आणला होता' वगैरे वगैरे. शिकारीच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

सध्या क्लायंटच्या कृपेने मी मिशिगनमध्ये आहे. कात्रीचा जमाना आता बराचसा संपलाय, कूपनं दुकानाच्या ॲपवर येतात आणि ती बोटाने 'कापायची' असतात. पण मी पडलो पक्का शाकाहारी, आणि दूध पचत नाही म्हणून हल्ली जवळजवळ व्हेगनच. तर एका शनिवारी मी बसून ॲपमधली झाडून सगळी कूपनं वर-खाली केली. साखर लावलेलं सीरियल, चिप्स, फ्रोझन पिझ्झा, सोडा, कुत्र्याचं खाणं, भांडी घासायचा साबण. कोबी? नाही. पालक? नाही. सुटा राजमा, गाजर, केळी? छे!

माझ्याच ॲपचं काहीतरी बिनसलंय असं वाटायचं कारण नाही. २०१४ साली अमेरिकेच्या सीडीसीच्या 'प्रिव्हेंटिंग क्रॉनिक डिसीज' या जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. मोठ्या किराणा साखळ्यांच्या वेबसाईटवरची हजाराहून थोडी जास्त कूपनं घेऊन त्यांची वर्गवारी केली होती. त्यात पंचवीस टक्के कूपनं तयार खाऊ, गोळ्या-चॉकलेटं आणि गोड पदार्थांची होती. भाज्यांची तीन टक्के. फळांची एक टक्काही नाही.

यावर आपली पहिली प्रतिक्रिया 'कंपन्या लबाड आहेत' अशी असते. ती अगदीच चूक नाही, पण पुरेशी नाही. मी जरा खणायला लागलो तर गोष्ट निघाली सव्वाशे वर्षं जुनी, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात मी राहतो तिथून हमरस्त्याने दोनेक तासांवर असलेल्या एका गावात, चक्क शाकाहारी दवाखान्यात होते.

गावाचं नाव बॅटल क्रीक. डेट्रॉईटहून शिकागोकडे जाणाऱ्या आय-९४ वर आहे. आज तिथून गाडी हाकत गेलात तर विशेष काही दिसणार नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या पथ्यपाण्याची पंढरी होती. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी १८६६ मध्ये इथे एक आरोग्यगृह काढलं. १८७६ मध्ये त्याचा कारभार डॉ. जॉन हार्वे केलॉग या तरुण डॉक्टरकडे आला आणि त्याने त्याचं रूपांतर भल्यामोठ्या 'बॅटल क्रीक सॅनिटेरियम'मध्ये केलं. मांस बंद, दारू बंद, तंबाखू बंद, चहा-कॉफीसुद्धा बंद. खायचं काय तर धान्यं, फळं, भाज्या, दाणे. हेन्री फोर्ड आणि एडिसन यांच्यासारखी माणसं तिथे राहून गेली. (डॉक्टरसाहेबांचे बाकीचे विचार सगळे पूज्य नव्हते. 'वंशशुद्धी'च्या खुळाचे ते मोठे पुरस्कर्ते होते. शाकाहारी म्हणून त्यांना डोक्यावर घ्यायचं कारण नाही.)

मांसावर वाढलेल्या माणसांना नुसतं धान्य घशाखाली उतरवायचं म्हणजे काहीतरी युक्ती हवी. जॉन केलॉग आणि त्याचा धाकटा भाऊ विल सॅनिटेरियमच्या स्वयंपाकघरात नाना प्रयोग करायचे. त्यातून शिजवलेला गहू लाटून, भाजून त्याचे पापुद्रे करण्याची पद्धत निघाली आणि १८९६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आपल्याकडे भाताचे पोहे शतकानुशतकं कुटले जातायत, पण पेटंट घ्यायचं कोणाला सुचलं नाही. असो.

आता दुसरं पात्र. सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा एक माणूस १८९१ मध्ये पेशंट म्हणून या सॅनिटेरियममध्ये आला. काही महिने राहिला, फारसा गुण आला नाही, पण तिथे काय शिजतं ते मात्र त्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं. बाहेर पडून त्याने १८९५ मध्ये 'पोस्टम' हे कॉफीऐवजी प्यायचं धान्याचं पेय काढलं आणि १८९७ मध्ये 'ग्रेप-नट्स'. या ग्रेप-नट्समध्ये ना द्राक्षं ना दाणे, गहू आणि बार्ली भाजून केलेले कुरकुरीत कण. आपल्या पाककृती याने ढापल्या, असा संशय केलॉग मंडळींना कायम राहिला.

पोस्टची खरी प्रतिभा पाककृतीत नव्हती, खपवण्यात होती. त्याच्यापुढे अडचण अशी की गावोगावचा वाणी हे नवं खोकं दुकानात ठेवणार कशाला? त्या काळी किराणा म्हणजे पिंपातून, पोत्यातून काढून कागदात बांधून द्यायचा माल. मग पोस्टने शतक बदलायच्या त्या वर्षांत एक सेंट सूट देणारी कूपनं वाटली. बाई कूपन घेऊन वाण्याकडे जाणार, 'ग्रेप-नट्स द्या' म्हणणार, वाण्याकडे नसलं तर तो ओशाळून मागवणार. वाण्याचा एक सेंट कंपनी भरून देणार. फुकट सरबताची तिकिटं कोकाकोलावाल्यांनी अटलांटात त्याच्या थोडीच वर्षं आधी वाटली होती, पण किराणा मालावर पैशात सूट देणारं कूपन म्हणून ग्रेप-नट्सचंच नाव पहिलं घेतात.

म्हणजे बघा, अमेरिकेतलं पहिलं किराणा-कूपन हे शाकाहारी, भरड धान्याच्या, 'तब्येतीला चांगल्या' पदार्थावर होतं. कूपन आणि हिरवं-सात्त्विक खाणं यांचं भांडण मुळात नव्हतंच!

मग बिघडलं कुठे? माझं मत असं, की कूपन पदार्थावर नव्हतंच, ते खोक्यावर होतं. गव्हावर कूपन कोणी देत नाही, कारण गहू कोणाचाच नसतो. आज मी तुम्हाला एक सेंट सोडला आणि उद्या तुम्ही शेजारच्या दुकानातून दुसऱ्या शेतकऱ्याचा गहू आणलात तर माझा सेंट पाण्यात गेला. ग्रेप-नट्स मात्र फक्त पोस्टकडेच मिळतं. सोडलेला पैसा वसूल होण्यासाठी मालावर नाव लागतं, आणि सोडण्यासाठी मुळात मधे तेवढा नफा लागतो. कोबीत दोन्ही नाही.

हे कळल्यावर विल केलॉगचं वागणंही नीट कळतं. त्याने १९०६ मध्ये स्वतःची कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली. पापुद्र्यात साखर घालायची की नाही यावरून डॉक्टर भावाशी त्याचं वाजलं, आणि ते भांडण पुढे कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलं. १९०९ पासून कॉर्नफ्लेक्सची दोन खोकी घेतली की पोरांना चित्रांचं गमतीदार पुस्तक मिळायला लागलं. पंधरा-वीस वर्षांत 'पथ्य' या शब्दाचं 'ब्रेकफास्ट' झालं, आणि साखर, सूट, बक्षीस हे सगळं त्याच खोक्यात येऊन बसलं.

पुढचा कूपनांचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो बराचसा हिशेबनीसांचा इतिहास आहे. तीसच्या मंदीत कूपनं घराघरात पोचली. १९५७ मध्ये नील्सनने ती मोजून कंपन्यांकडून पैसे वसूल करून देणारं 'क्लिअरिंग हाऊस' काढलं. (चेक वटवण्यासारखंच. दुकानदाराला दर्शनी किंमत आणि वर हाताळणीचे म्हणून आठ सेंट. त्यातली कित्येक कूपनं मोजायला सीमेपलीकडे मेक्सिकोत जायची. आऊटसोर्सिंग आपल्यापासून सुरू झालं असं कोणाला वाटत असेल तर तो भ्रम सोडा!) १९७२ मध्ये जॉर्ज व्हॅलॅसिसने रविवारच्या पेपरात घालायची ती रंगीत पुरवणी काढली, जिच्या आठवणींनी आमची सीनियर मंडळी अजून हळवी होतात.

आणि १९७४ मध्ये आला बारकोड. हा भाग मात्र माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा थांबतो.

कूपनवर जो यूपीसी बारकोड असायचा त्याचा पहिला आकडा ५. म्हणजे गल्ल्यावरच्या मशीनला कळायचं की हा माल नाही, हे कूपन आहे. पुढचे पाच आकडे कंपनीचे. त्यापुढचे तीन त्या कंपनीतल्या मालाच्या 'कुटुंबा'चे. मग दोन आकडे किती सूट त्याचे, आणि शेवटी एक तपासणीचा. मशीन काय करतं? ग्राहकाच्या गाडीत त्या कंपनीचा, त्या कुटुंबातला माल आहे का बघतं. असेल तर पैसे वजा. एखाद्या फ्रेशरनेसुद्धा दुपारभरात लिहावा असा सोपा लॉजिक.

आता केळ्यावरचा स्टिकर बघा. त्यावर ४०११ असं लिहिलेलं असतं. १९९० पासून सुट्या फळं-भाज्यांसाठी हे चार आकडी पीएलयू नंबर आले. ४०११ म्हणजे साधं पिवळं केळं. कोणाचं केळं? कोणाचंही. त्या नंबरात कंपनीचा रकानाच नाही. म्हणजे कूपनच्या मशीनला जो पहिला प्रश्न विचारायचा असतो, 'हा माल कोणाचा?', त्याचं उत्तर द्यायची सोयच सुट्या भाजीकडे नाही. कोणी मुद्दाम कट करून भाज्यांना बाहेर ठेवलं नाही हो, डेटाबेसच्या स्कीमात त्यांना जागाच नव्हती. (आता बारकोडचा नमुना बदललाय, पण 'कंपनी कोण' हा पहिला प्रश्न तोच आहे.) प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेलं, कंपनीचं नाव छापलेलं सॅलड घ्या, त्याला कूपन अधूनमधून असतं. पान तेच, फक्त त्याला आडनाव मिळालं.

मग भाजीवर सूट द्यायची तर कोण देणार? ज्याला सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून तोटा होतोय त्याने. आणि असा एकच गडी असतो, सरकार.

इथे आपण न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात येतो. साल १९३९. मंदीला दहा वर्षं होत आली होती. एकीकडे शेतमालाला भाव नाही म्हणून तो नष्ट होतोय, १९३३ मध्ये तर भाव चढावेत म्हणून सरकारने साठ लाखांच्या आसपास डुकराची पिल्लं विकत घेऊन मारली होती, आणि दुसरीकडे शहरांत बेकार माणसं सूपच्या रांगेत. जादा माल पोत्यांनी फुकट वाटून पाहिला, पण त्यात किराणा दुकानदार मेले आणि माणसाला काय हवं ते कोणी विचारेना.

शेतीखात्यात हेन्री वॉलेस मंत्री होते आणि मायलो पर्किन्स या गृहस्थांकडे ही योजना होती. त्यांची युक्ती अशी. सरकारी मदतीवरच्या कुटुंबाने आपण एरवी खाण्यावर जेवढे पैसे खर्च करतो तेवढ्याची नारिंगी कूपनं विकत घ्यायची. एक डॉलरची नारिंगी घेतली की पन्नास सेंटची निळी कूपनं फुकट. नारिंगी कूपनाने काहीही खायचं घ्या. निळ्याने मात्र फक्त सरकारने 'शिल्लक' म्हणून जाहीर केलेला माल. १६ मे १९३९ ला रॉचेस्टरमध्ये सुरुवात झाली. त्या यादीत लोणी-अंडी होती, पण त्याबरोबर पीठ, मक्याचं पीठ, सुका घेवडा, सुके प्लम, संत्री असा माल होता, आणि यादी वेळोवेळी बदलायची.

मला या डिझाइनचं फार कौतुक वाटतं. नारिंगी आधी विकत घ्यायला लावल्यामुळे आधीचा खाण्यावरचा खर्च तसाच राहिला. त्याच्यावर निळ्याचा खर्च नवा. म्हणजे शेतकऱ्याचा माल खरोखर जास्त खपला. आणि विक्री गल्लीतल्याच दुकानातून, त्यामुळे वाणीही खूश. आपल्या पुण्यातल्या आयटीवाल्यांना सोडेक्सोचं पुस्तक आठवत असेल. (माझ्या वाट्याला कार्डच आलं, आणि कंपनीचं नावही आता बदलून प्लक्सी झालंय. पण पुस्तकाच्या दंतकथा ऐकल्यात. त्या कूपनांनी म्हणे मित्राची उधारीसुद्धा फिटायची.) ते आपलं सगळं नारिंगी होतं, टॅक्स वाचवणारं नारिंगी. चालणाऱ्या दुकानात त्याने बिस्किटं घ्या नाहीतर भेंडी, त्याला फरक पडत नसे. मात्र मंडईत जमिनीवर पोतं टाकून बसलेल्या मावशींना ते दाखवलंत तर त्या तुमच्याकडे ज्या नजरेने बघतील, ती नजर लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ही योजना चार वर्षांत देशातल्या जवळजवळ निम्म्या कौंट्यांत पोचली आणि एकूण दोन कोटींच्या आसपास माणसांनी कधी ना कधी तिचा फायदा घेतला. घोटाळेही झाले, पहिला दुकानदार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पकडला गेला. १९४३ मध्ये योजना बंद पडली, कारण युद्धामुळे ना माल शिल्लक राहिला ना बेकारी. इथे एक कडू गोष्ट दिसते. सरकारला भाजी-घेवड्यावर सूट द्यावीशी वाटली ती गरिबाच्या ताटाकडे बघून जितकी, तितकीच शेतकऱ्याच्या कोठाराकडे बघून. कोठार रिकामं झालं, निळं कूपन गेलं.

पुढे अठरा वर्षं काही नाही. १९६१ मध्ये केनेडी अध्यक्ष झाल्यावर वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींच्या भागात फूड स्टँप परत आले, १९६४ मध्ये कायदा झाला. पण या वेळी निळं कूपन नव्हतं. एकच रंग, हवं ते खा. 'गरिबाने काय खावं हे सरकारने का ठरवायचं?' हा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण त्याबरोबर सुट्या कडधान्याला, भाजीला मिळणारा तो जास्तीचा धक्का गेला, हेही खरंच.

आणि जुन्या डिझाइनमधली एक गोष्ट राहून गेली. आधी पैसे भरा, मग त्याहून जास्त किमतीची कूपनं घ्या. १९३९ मध्ये हुशार वाटलेला हा नियम साठच्या दशकात क्रूर ठरला. मिसिसिपीसारख्या ठिकाणी ज्यांच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला भरायला रोकडच नव्हती, ते सगळ्यात गरीब लोकच योजनेबाहेर राहिले. १९६७ मध्ये रॉबर्ट केनेडी मिसिसिपीच्या झोपड्यांत जाऊन आले आणि तिथली उपाशी पोरं साऱ्या देशाला दिसली. तरी नियम जायला १९७७ चा कायदा यावा लागला. तो प्रत्यक्षात १ जानेवारी १९७९ ला लागू झाला आणि त्या एका महिन्यात आधीच्या महिन्यापेक्षा पंधरा लाख माणसं जास्त आली. पंधरा लाख माणसं एका 'इफ' कंडिशनपायी बाहेर उभी होती!

सत्तरच्या दशकातला एक छोटासा तुकडा मला विशेष आवडतो. १९७३ पासून फूड स्टँपने भाजीचं बियाणं आणि रोपंही घेता येतात. दोन डॉलरच्या पाकिटातून उन्हाळाभर टोमॅटो. याहून चांगलं कूपन कोणत्या कंपनीने काढलं असेल तर सांगा.

त्याच दशकात गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी 'विक' नावाची वेगळी योजना आली. तिच्यात पैसे नाही, ठरावीक वस्तूंची व्हाउचरं मिळायची. दूध, अंडी, ज्यूस, सुका घेवडा किंवा पीनट बटर, आणि अर्थातच... ब्रेकफास्ट सीरियल! बॅटल क्रीकचं खोकं इथेही पोचलं. ताज्या भाज्या आणि फळं? बाळंतिणींच्या गाजरासारखा एखादा अपवाद सोडला तर नव्हत्या. त्या सरसकट सगळीकडे यायला २००९ उजाडलं, तेही महिन्याला मुलामागे सहा डॉलर.

आता ती मावशींची नजर.

जुने फूड स्टँप कागदाचे होते, नोटांसारखे, एक, पाच, दहा डॉलरचे. शेतकऱ्यांच्या बाजारात टोपली घेऊन बसलेला शेतकरी ते घ्यायचा आणि बँकेत भरायचा. मग नव्वदच्या दशकात ठरलं की कागद बंद, सगळ्यांना प्लॅस्टिकचं कार्ड. कारण चांगलंच होतं. काळाबाजार थांबेल, आणि रांगेत कूपनं मोजताना होणारी मानहानीही. जुलै २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत कार्ड आलं. आपण ज्याला 'सक्सेसफुल मायग्रेशन' म्हणतो ते हे. फक्त एक यूजर कोणाच्या टेस्ट केसमध्ये नव्हता. उघड्या मैदानात टेबल मांडून बसलेल्या शेतकऱ्याकडे ना वीज, ना फोनची लाईन, ना कार्डाचं मशीन. परिणाम असा की शेतकरी बाजारात फूड स्टँपने होणारी खरेदी पार आटून गेली. भाजीची जी एक स्वस्त, ताजी, बिनब्रँडची जागा होती, तिथेच गरिबाचं कूपन चालेना. प्रॉडक्शनमध्ये असा बग आपल्याकडे निघाला असता तर रात्री दोनला फोन आले असते. इथे फोन करणारं कोणी नव्हतं.

तोडगा काढला तो बाजार चालवणाऱ्या छोट्या संस्थांनी, आणि तो इतका गावठी आहे की मला खूप आवडला. सगळ्या बाजारात मिळून एकच मशीन, एका तंबूत. तिथे कार्ड घासायचं आणि त्या बदल्यात लाकडी नाणी घ्यायची. मग ती नाणी देऊन कोणत्याही टेबलावर कांदा घ्या, कोबी घ्या. संध्याकाळी शेतकरी नाणी मोजून पैसे घेणार. म्हणजे कागदाचं प्लॅस्टिक केलं आणि प्लॅस्टिकचं पुन्हा लाकूड!

आणि एकदा नाणं हातात आल्यावर, त्याच्याबरोबर दुसरं जास्तीचं नाणं देणं सोपं झालं. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्याने २००५ मध्ये 'हेल्थ बक्स' काढले, दोन डॉलरचं कूपन, फक्त ताज्या फळं-भाज्यांसाठी. २००९ मध्ये डेट्रॉईटमध्ये फेअर फूड नेटवर्क या संस्थेने 'डबल अप फूड बक्स' सुरू केलं. कार्डातले दहा डॉलर खर्च करा, मिशिगनमध्ये पिकलेल्या भाजी-फळांसाठी आणखी दहा घ्या, दिवसाला वीसपर्यंत. ओळखलंत ना? हे रॉचेस्टरचं निळं कूपन आहे. सत्तर वर्षांनी परत आलेलं. फरक इतकाच की या वेळी 'शिल्लक काय आहे' हा प्रश्न नव्हता, 'तब्येतीला काय हवं' हा होता. २०१४ च्या शेतीकायद्यात केंद्र सरकारने यासाठी पाच वर्षांचे दहा कोटी डॉलर ठेवले, आणि २०१८ मध्ये ते पुढे चालू ठेवलं.

उपयोग होतो का? होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन कौंटीत २०११-१२ मध्ये शेतीखात्याने नीट चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. साडेसात हजार कुटुंबांना फळं-भाज्यांवर डॉलरमागे तीस सेंट परत. बाकीच्यांपेक्षा ही माणसं सव्वीस टक्के जास्त फळं-भाज्या खायला लागली. आकडा मोठा वाटतो, प्रत्यक्षात दिवसाला जेमतेम पाव कप. पण कोणीही भाषण न देता वाढलेला पाव कप आहे तो. (या यादीतून बटाटा आणि सुकी कडधान्यं वगळलेली होती. म्हणजे उसळ आणि बटाट्याची भाजी खाणाऱ्या मराठी माणसाला परतावा शून्य!)

आता तुम्ही विचाराल, मग तू स्वतः काय करतोस? मला फूड स्टँप लागू नाहीत, आणि लागायला नकोत. माझं गणित साधं आहे. सुटा राजमा, चवळी, मसूर मी मोठ्या पिशवीने आणतो. तिथे कूपन नाही, पण खाणाऱ्याला पोटभर प्रोटीन त्याहून स्वस्त इथे कुठेच मिळत नाही. कोबी, पालक शेतकरी बाजारात, शक्यतो आवराआवरीच्या वेळी. कूपन फक्त अशा नाव छापलेल्या वस्तूंवर, ज्या मी तशाही घेणार होतो. ओट्स, फ्रोझन मटार, डब्यातले टोमॅटो, सोया मिल्क, टोफू. कूपन आहे म्हणून वस्तू घेतली की आपण पोस्टसाहेबांचे गिऱ्हाईक झालो. आणि पूर्ण व्हेगन खाणाऱ्यांनी बी-१२ ची गोळी विसरू नये. तिच्यावर मात्र कूपन हमखास असतं, कारण ती बाटलीत येते आणि बाटलीवर नाव असतं.

हॅम्पडेनचा प्रयोग यशस्वी झाल्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१७ पासून तो स्वतःच्या नावाने सुरू केला. आता डॉलरला पूर्ण डॉलर परत, कुटुंबाच्या आकाराप्रमाणे महिन्याला चाळीस, साठ किंवा ऐंशी डॉलरपर्यंत. लोक इतके आले की तीन वर्षांसाठी धरलेले पैसे काही महिन्यांतच उडाले, आणि एप्रिल २०१८ मध्ये योजना मधेच थांबवावी लागली. नंतर पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये पैसे कमी पडतायत म्हणून मर्यादा सगळ्यांना सरसकट वीस डॉलरवर आणली, घरात एक माणूस असो की आठ. त्याच महिन्यात माझ्या ॲपवर सीरियलची सात कूपनं होती.